सूर्याचं हसू आणि कोरोनल होल: चित्र ओळखण्यापासून वाऱ्याचा अंदाज बांधण्यापर्यंत

26 ऑक्टोबर 2022 ला नासाच्या, सूर्यावर सतत नजर ठेवणाऱ्या एसडीओ यानाने टिपलेला सूर्याचा ‘हसरा चेहरा’ बहुतेकांच्या फोनवर येऊन गेला असेल. दोन काळे डोळे, खाली वाकडं तोंड. त्याच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे 25 तारखेला, महाराष्ट्रात मावळतीचं खंडग्रास सूर्यग्रहण होतं आणि हजारो लोक ग्रहणाचे चष्मे लावून पश्चिमेकडे बघत होते. ते डोळे आणि तोंड तेव्हाही सूर्यावर होतंच, पण चष्म्यातून ते कोणालाही दिसलं नाही आणि दिसणं शक्यही नव्हतं.

असे आकार आले की दोन प्रकारचे मेसेज फिरतात. एक ‘बघा किती गोड’, दुसरा ‘सूर्याला भोक पडलं, पृथ्वीवर वादळ धडकणार’. दुसऱ्या मेसेजमध्ये किती तथ्य आहे, ते तपासायला फोन, थोडा वेळ आणि सातवीच्या पुस्तकातला भागाकार पुरतो. ते कसं करायचं, ते इथे क्रमाने सांगतो. दुर्बीण लागत नाही. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी तर अजिबात बघायचं नाही.

आधी, आपण नक्की काय बघतो आहोत

रोज दिसतो तो सूर्याचा दीप्तिगोल, तापमान साधारण 5,500 अंश सेल्सिअस. त्याच्या बाहेरचं प्रभामंडळ, म्हणजे कोरोना, दहा-वीस लाख अंशांचं. इतकं तापलेलं असल्यामुळे ते मुख्यतः अतितीव्र अतिनील आणि क्ष-किरणांत उजळतं, आणि ते किरण आपल्या वातावरणात अडतात. म्हणून ही चित्रं अवकाशातूनच घ्यावी लागतात.

कोरोनात बहुतेक ठिकाणी चुंबकीय रेषा सूर्यातून निघून कमानीसारख्या पुन्हा सूर्यात शिरतात आणि तापलेला वायू त्या कमानींत कोंडून राहतो. काही भागांत मात्र रेषा परत वळत नाहीत, सरळ अवकाशात जातात. तिथला वायू निसटतो, उरलेला विरळ आणि तुलनेने थंड असतो. या प्रकाशाची तीव्रता घनतेच्या वर्गावर अवलंबून असते, त्यामुळे घनता निम्मी झाली तर उजेड निम्मा नव्हे, पाव होतो. म्हणून तो भाग चित्रात एवढा काळा दिसतो. यालाच कोरोनल होल म्हणतात. खाली खड्डा नसतो, सूर्य कुठे विझलेला नसतो. खालचा दीप्तिगोल शेजारच्याइतकाच झगझगीत असतो. ग्रहणाच्या चष्म्यातून काही न दिसण्याचं कारण हेच.

निसटलेला वायू म्हणजे वेगवान सौर वारा. साधा सौर वारा सेकंदाला 300 ते 400 किलोमीटर वेगाने येतो, कोरोनल होलमधला 500 ते 800 ने. 1973-74 मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकावरच्या अंतराळवीरांनी घेतलेल्या क्ष-किरण चित्रांमुळे हे नातं पक्कं झालं. त्याआधी चाळीस वर्षं युलियस बार्टेल्स या जर्मन शास्त्रज्ञाने ताडलं होतं की काही चुंबकीय वादळं दर 27 दिवसांनी परत येतात, म्हणजे सूर्यावर काहीतरी टिकाऊ असणार. सूर्यावर बोट ठेवून दाखवता येईना, म्हणून त्याने त्या अदृश्य जागांना ‘एम-प्रदेश’ असं नाव देऊन ठेवलं होतं.

पायरी 1: योग्य चित्र उघडा

एसडीओच्या संकेतस्थळावर ‘द सन नाऊ’ नावाचं पान आहे. तिथे एकाच वेळी घेतलेली डझनभर रंगीत चित्रं असतात. रंग सगळे चढवलेले, ओळखू यावेत म्हणून ठरवून दिलेले. आपल्याला हवं ते ‘एआयए 193’, तपकिरी-तांबूस. एआयए हे यानावरच्या कॅमेऱ्यांचं नाव. आकडा अँगस्ट्रॉम या अतिसूक्ष्म एककातल्या तरंगलांबीचा, आणि तो मुख्यतः साडेबारा ते पंधरा लाख अंशांचा वायू दाखवतो. जोडीला जांभळं ‘211’ उघडून ठेवा. सोनेरी 171 दिसायला सगळ्यांत देखणं असतं, पण होलच्या कडा त्यात तितक्या स्पष्ट नसतात. लाल-केशरी 304 पुढच्या पायरीला लागेल.

चित्राखालची वेळ जागतिक वेळ असते. तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ.

एक गंमत माहीत असू द्या. फेब्रुवारी-मार्च आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काही आठवडे रोज थोडा वेळ पृथ्वी एसडीओ आणि सूर्य यांच्या मध्ये येते. यान अमेरिकेच्या रेखांशावर मुक्कामाला असल्यामुळे त्याची मध्यरात्र म्हणजे आपली दुपारी बाराच्या आसपासची वेळ. त्या तासाभरात चित्र अर्धं किंवा पूर्ण काळं येतं. ‘सूर्याचा अर्धा भाग गायब’ असा मेसेज या महिन्यांत दुपारी आला, तर कारण शोधत बसायला नको.

जुनी तारीख बघायची असेल तर ‘हेलिओव्ह्यूअर’ हे संकेतस्थळ वापरा. तारीख, वेळ आणि थर निवडला की झालं. सरावासाठी 2022 चं हसू, मे 2014 चा जवळजवळ चौकोनी आकार आणि डिसेंबर 2017 चं प्रश्नचिन्ह ही तीन चित्रं काढून बघा.

पायरी 2: ते खरंच कोरोनल होल आहे का?

इथे नवखे लोक सर्वांत जास्त फसतात. 193 मध्ये काळी दिसणारी प्रत्येक गोष्ट होल नसते. फिलामेंटही काळीच दिसते. फिलामेंट म्हणजे चुंबकीय रेषांच्या झोळीत लटकलेला थंड, दाट वायू. होलमध्ये वायू विरळ म्हणून काळं, फिलामेंटमध्ये दाट वायू मागचा उजेड अडवतो म्हणून काळं. चित्रात दोन्ही सारखीच, पण कारणं अगदी उलट.

फरक करायचा तो असा. आधी 304 बघा. फिलामेंट तिथे काळी, रेखीव, बारीक सुरवंटासारखी उमटते. होल नुसतं किंचित फिकट दिसतं, कडा हरवतात. मग हायड्रोजन-आल्फाचं, म्हणजे हायड्रोजनच्या लाल प्रकाशातलं चित्र बघा. त्यात फिलामेंट स्पष्ट आणि होल जवळजवळ नाहीच. या चित्रांसाठी ‘गाँग’ नावाचं जगभरच्या सहा वेधशाळांचं जाळं आहे, आणि त्यातली एक आपल्या उदयपूरची. आपल्याकडे दिवस असताना बघायला बसलात आणि तिथे आभाळ स्वच्छ असेल, तर समोरचं चित्र राजस्थानातून आलेलं असण्याची शक्यता बरीच.

आकारावरूनही अंदाज येतो. लांब, अरुंद, दोन्ही टोकांना निमुळतं असेल तर फिलामेंटचा संशय घ्या. पसरट, फाटक्या कडांचं असेल तर होल. पण निव्वळ आकारावर निकाल देऊ नका, बारीक सोंडेसारखी होलंही असतात. 1996 च्या ऑगस्टमधलं, उत्तर ध्रुवापासून विषुववृत्ताच्या खालपर्यंत आलेलं होल अभ्यासकांत ‘हत्तीची सोंड’ म्हणूनच ओळखलं जातं.

चेहऱ्यांच्या बाबतीत आणखी एक घोटाळा. 8 ऑक्टोबर 2014 चा ‘हॅलोविनचा भोपळा’ आणि 2022 चं हसू बातम्यांमध्ये शेजारी-शेजारी छापतात. पण भोपळ्याचे डोळे आणि तोंड *उजळ* आहेत. ते सौरडागांवरचे सक्रिय प्रदेश, म्हणजे बंद कमानींत कोंडलेला गरम वायू. हसऱ्या सूर्याचे डोळे *काळे*, तिथे रेषा उघड्या. ज्वाला उसळण्याची भीती पहिल्या चेहऱ्यात, वारा वाहण्याची दुसऱ्यात. चेहरा बघितला की आधी हे ठरवा: नाक-डोळे उजेडाचे आहेत की अंधाराचे?

पायरी 3: जागा मोजा

हे काम मला सगळ्यांत आवडतं, म्हणून जरा रेंगाळतो.

चित्रात उत्तर वर असते आणि सूर्य डावीकडून उजवीकडे फिरतो. पृथ्वीवरून पाहता एका फेरीला सरासरी 27.3 दिवस, म्हणजे रोज 13.2 अंश. डाव्या कडेवर उगवलेला आकार साधारण सात दिवसांनी चित्राच्या उभ्या मध्यरेषेवर येतो आणि चौदाव्या दिवशी उजवीकडे मावळतो.

पण गोल चेंडूचं सपाट चित्र बघतोय, हे विसरून चालत नाही. डावी कड आणि केंद्र यांच्या अगदी मधोमध एखादं होल दिसलं, तर मन म्हणतं, अर्धा रस्ता झाला, अजून साडेतीन दिवस आहेत. चूक. अर्ध्या त्रिज्येवरची जागा म्हणजे मध्यरेषेपासून 30 अंश (30 अंशांची ज्या, म्हणजे साइन, अर्धी असते). 60 अंश पार झालेत, उरलेत 30, म्हणजे फक्त सव्वादोन दिवस.

मोजायला 1024 पिक्सेलचं चित्र उतरवून घ्या. त्यात सूर्याचा व्यास साधारण 800 पिक्सेल भरतो, म्हणजे त्रिज्या 400. कुठल्याही साध्या चित्र-संपादकात माउस नेला की खाली पिक्सेलचा आकडा दिसतो. होलच्या मध्याचं केंद्रापासूनचं आडवं अंतर त्रिज्येने भागा आणि कॅलक्युलेटरवर व्यस्त साइन घ्या, अंश मिळतात. समजा होल केंद्राच्या डावीकडे 230 पिक्सेलवर आहे. 230 भागिले 400 म्हणजे 0.575, कोन सुमारे 35 अंश, मध्यरेषेवर यायला 2.7 दिवस. विषुववृत्तापासून फार वर-खाली असलेल्या आकारांना हे गणित थोडं चुकतं, पण आपल्या कामाला पुरतं. पडताळा घ्यायचा तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेचं चित्र काढा. केंद्राजवळचा आकार दिवसाला सुमारे 90 पिक्सेल सरकतो, कडेजवळचा बराच कमी.

आकारमान काढायला याच चित्रात एक पिक्सेल म्हणजे केंद्राजवळ अंदाजे 1,740 किलोमीटर धरा. पृथ्वी जेमतेम सात पिक्सेलांची. ‘पृथ्वीच्या वीसपट’ अशी बातमी आली की मोजून बघा, आणि तो आकडा रुंदीचा आहे की क्षेत्रफळाचा, हेही बघा. बातमीत ते बहुतेक वेळा सांगितलेलं नसतं, आणि फरक मात्र प्रचंड पडतो.

कडेजवळ होल मोजू नका. उंच उजळ कमानी आडव्या येतात आणि होल झाकलं जातं. अरुंद होल तर मध्यरेषेच्या जवळ येईपर्यंत दिसतसुद्धा नाही.

विषुववृत्तापासूनचं अंतरही टिपा. ढोबळमानाने 30 अंशांच्या आतलं होल पृथ्वीच्या वाटेवर असतं. ध्रुवांवरची मोठी होलं, विशेषतः सौरडाग कमी असण्याच्या काळात, चित्रात टोपीसारखी कायम दिसतात. त्यांचा वारा बहुधा आपल्या वरून किंवा खालून निघून जातो. त्यांच्यातून खाली उतरलेल्या सोंडांवर मात्र नजर ठेवा.

पायरी 4: ध्रुवता बघा

त्याच वेळेचं ‘एचएमआय मॅग्नेटोग्राम’, म्हणजे सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राचा नकाशा, उघडा, करड्या रंगाचं काळं-पांढरं. पांढरे ठिपके म्हणजे बाहेरच्या दिशेचं चुंबकीय क्षेत्र, काळे म्हणजे आतल्या दिशेचं. होलची जागा इथे आकार म्हणून दिसतच नाही, नुसती मीठ-मिरी पसरलेली. पण नीट बघितलं तर त्या जागेत एक रंग वरचढ असतो. पांढरा वरचढ असेल तर होल धन, काळा असेल तर ऋण. फिलामेंट मात्र काळ्या आणि पांढऱ्या प्रदेशांच्या सीमेवर बसलेली सापडेल, म्हणजे दुसऱ्या पायरीचा पडताळाही इथेच होतो.

याचा उपयोग काय? पृथ्वीचा चुंबकीय अक्ष तिरका असल्यामुळे सप्टेंबरच्या आगेमागे धन होलचा वारा जास्त खळबळ माजवतो आणि मार्चच्या आगेमागे ऋण होलचा. रसेल आणि मॅकफेरॉन यांनी 1973 मध्ये याचं स्पष्टीकरण दिलं. दोन सारख्याच आकाराच्या होलांपैकी एक गाजतं आणि दुसरं मुकाट्याने जातं, त्यामागे बऱ्याचदा हे असतं. मराठी बातम्यांत मी हा मुद्दा कधी पाहिलेला नाही. होल किती मोठं, एवढंच सांगून सगळे मोकळे होतात.

पायरी 5: वारा कधी पोहोचेल

सूर्य साधारण 14.96 कोटी किलोमीटरवर. वेगाने भागलं की वेळ निघतो: 500 च्या वेगाने 83 तास, 600 ने 69, 700 ने 59. म्हणून नियम सोपा: होल मध्यरेषेवर आल्यापासून साधारण दोन ते चार दिवस. होल मोठं आणि विषुववृत्ताजवळ असेल तर कमी धरा, लहान किंवा दूर असेल तर जास्त.

सरळ रेषेचं गणित का चालतं, असा प्रश्न पडू शकतो, कारण सूर्य तर फिरतो आहे. बागेतला फिरता फवारा बघा: धार गोल वळलेली दिसते, पण प्रत्येक थेंब सरळच बाहेर जातो. सौर वाऱ्याचंही तसंच आहे.

सप्टेंबर 2025 चं फुलपाखराच्या आकाराचं होल हे याचं छान उदाहरण. पंख पसरलेला आकार 11 तारखेच्या सुमारास पृथ्वीसमोर होता, झोत 14 ला पोहोचला आणि 14-15 ला भूचुंबकीय वादळाची नोंद झाली. तीन दिवस, म्हणजे सरासरी वेग 580 च्या आसपास. हेलिओव्ह्यूअरवर तो दिवस काढा, मॅग्नेटोग्रामवर होलची ध्रुवता तपासा आणि ‘सप्टेंबरला धन’ हा नियम लागू पडतो का, ते स्वतःच बघा.

पायरी 6: वाटेवर पहारा

पृथ्वीच्या अलीकडे, सूर्याच्या बाजूला 15 लाख किलोमीटरवर एल-1 बिंदू आहे. तिथली यानं वारा अंगावर घेऊन मोजतात, आणि अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या अवकाश-हवामान केंद्राच्या पानावर ‘रिअल टाइम सोलर विंड’ हा आलेख फुकट बघायला मिळतो. आपलं आदित्य-एल1 देखील 6 जानेवारी 2024 पासून तिथेच आहे. त्यावरची ‘सूट’ दुर्बीण पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेने बनवली आहे, पण तिच्या सुंदर चित्रांत कोरोनल होल शोधू नका. ती 200 ते 400 नॅनोमीटरमध्ये खालचे थर बघते, कोरोना नव्हे. वारा मोजायचं काम त्याच यानावरच्या ‘अ‍ॅस्पेक्स’ आणि ‘पापा’ या उपकरणांचं.

होलचा वारा आला, हे एका ठरलेल्या क्रमाने कळतं. आधी घनता वाढते, कारण वेगवान वारा पुढच्या सुस्त वाऱ्याला रेटून दाबतो. त्याच्या बरोबरीने चुंबकीय क्षेत्राची एकूण तीव्रता वर जाते. मग घनता कोसळते आणि वेग हळूहळू, काही तासांत, 350 वरून 550-600 कडे चढतो. तापमानही वाढतं. सौर उद्रेकाचा धक्का आला तर सगळ्या रेघा एका क्षणात उडी मारतात. होलच्या वाऱ्यात चढण असते. ही चढण ओळखता आली की अर्धं काम झालं.

‘बीझेड’ ही रेघ वेगळी बघा. वाऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे, ते ती सांगते. ती शून्याच्या खाली, म्हणजे दक्षिणेकडे, टिकून राहिली तरच पृथ्वीचं चुंबकीय कवच वाऱ्याला वाट देतं. वेग 700 असूनही बीझेड वर असेल तर फारसं काही घडत नाही. एल-1 पासून पृथ्वीपर्यंत 500 च्या वेगाने 50 मिनिटं लागतात, तेवढीच आगाऊ सूचना.

पायरी 7: परिणाम किती, ते बघा

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती खवळलं, ते केपी निर्देशांक सांगतो: शून्य ते नऊ, दर तीन तासांनी. दिवसाचा पहिला खंड आपल्या पहाटे साडेपाच ते सकाळी साडेआठ. वादळांची प्रतवारी जी-1 ते जी-5: केपी 5 म्हणजे जी-1 वादळ, 6 म्हणजे जी-2. कोरोनल होलची मजल बहुतेक वेळा एवढीच. मे 2024 मध्ये लडाखच्या हानले इथून आकाश लाल दिसलं, ते जी-5 वादळ होतं आणि ते एका सक्रिय प्रदेशातून लागोपाठ सुटलेल्या उद्रेकांचं होतं, होलचं नव्हे. ‘सूर्याला भोक, महाराष्ट्रात ऑरोरा (ध्रुवीय प्रकाश)’ असं कोणी म्हटलं तर खुशाल हसा.

होलचा खरा त्रास संथ असतो. वारा दोन-तीन दिवस वाहत राहतो आणि पृथ्वीभोवतीच्या प्रारण-पट्ट्यांतल्या इलेक्ट्रॉनांना हळूहळू प्रचंड वेग मिळतो. भूस्थिर कक्षेतल्या उपग्रहांच्या आत त्यामुळे विद्युतभार साठतो. उपग्रह चालवणाऱ्यांना वादळ ओसरल्यानंतरच्या दिवसांची काळजी जास्त असते, ती यामुळे. वीज जाणं, मोबाइल बंद पडणं, डोकं दुखणं वगैरे या वाऱ्याच्या माथी मारू नका.

महाराष्ट्रात त्याची चाहूल लागते ती अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत, तिथल्या आलेखावर. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, चुंबकीय सुया हलणार म्हणून 1904 मध्ये कुलाब्याच्या वेधशाळेचं हे काम तिकडे नेलं. होलच्या वादळात क्षैतिज क्षेत्राची रेघ थोडी खाली उतरते आणि बरेच दिवस कुरकुरत सावरते.

पायरी 8: वही ठेवा

तारीख, होलचा मध्यरेषेवर येण्याचा दिवस, उत्तर की दक्षिण, ध्रुवता, तुमचा अंदाज, प्रत्यक्ष आलेला वेग, कमाल केपी. एवढे सात रकाने पुरतात. आकाराचं नाव आठवा रकाना म्हणून घाला, मजा येते. मात्र कोंबडी, कासव किंवा गणपती जे काही दिसेल, ते दोन-तीन दिवसांत बदलतं. होलच्या कडेवर बंद आणि उघड्या रेषांची सतत अदलाबदल चालू असते आणि शेजारी नवा सक्रिय प्रदेश उगवला तर तुकडाच पडतो. होल स्वतः मात्र कित्येक फेऱ्या टिकू शकतं, त्यामुळे प्रत्येक नोंदीपुढे 27 दिवस मिळवून पुढची तारीख लिहून ठेवा. फुलपाखराच्या 11 सप्टेंबरपुढे येते 8 ऑक्टोबर 2025. त्या दिवसाचं 193 काढा, शेजारी 11 सप्टेंबरचं ठेवा आणि कुठला पंख किती उरला, ते पिक्सेल मोजून लिहा.